जमा पाठ, खर्च कोरा : नैराश्यावरील पहिल्या औषधांचा अर्धा सांगितलेला इतिहास

धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

सर्पगंधेविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर वरचेवर उगवतो. त्याचा गाभा असा : मनाच्या आजारावरचे पहिले आधुनिक औषध भारतीयांनी दिले, ते पाश्चात्त्यांनी उचलून नेले, त्यातूनच त्यांनी नैराश्यावरच्या रासायनिक गोळ्या तयार केल्या आणि अपाय सुरू झाले, मूळ मुळी मात्र निर्धोक, कारण ती निसर्गाची. या चार विधानांपैकी पहिल्यात बरेच तथ्य आहे, दुसऱ्यात थोडे आहे, तिसऱ्यात रसायनशास्त्राचा आणि कालक्रमाचा घोटाळा आहे आणि चौथे निखालस खोटे आहे.

इतिहासातली खोटी विधाने बहुधा निरुपद्रवी असतात. एखाद्या किल्ल्याचे बांधकाम शंभर वर्षे मागे ढकलल्याने कुणाचा जीव जात नाही. या मजकुराचे तसे नाही. वडखळच्या नाक्यावर अलिबागच्या एसटीची वाट पाहताना तो वाचणाऱ्याच्या घरी, खारेपाटातल्या एखाद्या गावात, नैराश्याची गोळी घेणारे माणूस असू शकते. ती गोळी बंद करून मुळीचे चूर्ण सुरू करण्याचा सल्ला या मजकुराच्या शेवटी पुष्कळदा उघड, कधी सूचकपणे दिलेला असतो. म्हणून याचे खंडन तपशिलाने करणे भाग आहे.

आधी जमेची बाजू. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेचा उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर होणारा परिणाम लेखरूपाने मांडला. बिहारात ही मुळी वेड्यांचे औषध म्हणून पिढ्यान्‌पिढ्या परिचित होती. तिला जागतिक वैद्यकाच्या दारात नेण्याचे श्रेय मात्र मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांचे. त्यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि युरोप-अमेरिकेतील वैद्यांचे लक्ष या मुळीकडे वळले. १९५२ मध्ये बाझलच्या सिबा कंपनीतील म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतून रिसर्पिन वेगळे काढले. १९५७ चा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत वकील यांचे नाव आहे. इतके सारे खरे, आणि ते अभिमानाने सांगावे असेच.

आता ‘उचलून नेले’ या आरोपाचे. वकील यांनी आपले काम इंग्रजीत, लंडनच्या नियतकालिकात, स्वतः होऊन प्रसिद्ध केले होते. त्यात चोरी नव्हती. मुळीची ओळख पिढ्यान्‌पिढ्या जपणाऱ्या बिहारातल्या वैदूंना रिसर्पिनच्या नफ्यातून काय मिळाले, हा प्रश्न मात्र वाजवी आहे. गंमत अशी की हा मजकूर पसरवणारे नेमका तोच प्रश्न विचारत नाहीत. त्यांना राष्ट्राचा अपमान दिसतो, वैदू दिसत नाही.

तिसऱ्या विधानापाशी कोसळतो तो सगळा डोलारा. रिसर्पिन हे नैराश्यावरचे औषध नव्हेच. ते मेंदूतील सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनलिन यांसारखी द्रव्ये पेशींतील साठ्यांतून रिती करते. नैराश्यावरच्या पहिल्या गोळ्यांचे काम बरोबर उलट, म्हणजे ही द्रव्ये टिकवून धरण्याचे. इतके उलट, की पुढे नवी औषधे पारखण्यासाठी प्रयोगशाळांत उंदरांना रिसर्पिन देऊन मलूल करीत आणि मग नवे रसायन त्यांना त्या मलूलतेतून उठवते का, हे पाहत. ज्या मुळीतून नैराश्यरोधक औषधे निघाली असे सांगितले जाते, त्या मुळीचे सत्त्व त्या औषधांच्या परीक्षेत रोगाच्या जागी उभे होते.

आणि ‘निर्धोक’? रिसर्पिनने नाक चोंदते, नाडी मंदावते, जुलाब होतात, हातपाय कंपवातासारखे जड पडू शकतात. १९५४ मध्ये अमेरिकेतील एडवर्ड फ्रेस यांनी रक्तदाबासाठी दीर्घकाळ मोठ्या मात्रेत रिसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना खोल नैराश्य आल्याचे नोंदवले. असे अहवाल पुढे वाढत गेले. रिसर्पिन मुळीतच असते, त्यामुळे त्याचे अपायही मुळीतच असतात. फरक इतकाच की गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते वेष्टनावर छापलेले असते आणि चूर्णात किती आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

येथे एक विरुद्ध पुरावा नोंदवणे प्रामाणिकपणाचे आहे. १९५५ मध्ये लंडनच्या डेव्हिस आणि शेफर्ड यांनी ‘लॅन्सेट’मध्ये रिसर्पिनची एक काटेकोर चाचणी प्रसिद्ध केली. तीत चिंताग्रस्त आणि खिन्न रुग्णांना रिसर्पिनने उलट बरे वाटले. रिसर्पिनमुळे नैराश्य येतेच, हे पाठ्यपुस्तकांतले ठाम विधान अलीकडच्या अभ्यासकांनी पुन्हा तपासायला घेतले आहे. म्हणजे सर्पगंधेचे गुणगान जितक्या सहजी होते, तितक्याच सहजी तिच्यावर ठपकाही ठेवला गेला. चाचणी वाचण्याचे कष्ट दोन्हीकडे टाळले गेले.

मग नैराश्यावरची पहिली औषधे आली कोठून? क्षयरोगाच्या वॉर्डातून.

१९५१-५२ च्या सुमारास हॉफमन-ला रोश कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत हायड्रॅझिनपासून दोन औषधे तयार झाली : आयसोनियाझिड आणि त्याचे भावंड आयप्रोनियाझिड. (हे हायड्रॅझिन जर्मन व्ही-२ अग्निबाणाचे उरलेले इंधन होते, अशी एक लोकप्रिय गोष्ट आहे. व्ही-२ मद्यार्क आणि द्रवरूप ऑक्सिजनवर उडत असे. हायड्रॅझिन हायड्रेट लागे ते मेसरश्मिट १६३ या अग्निबाण-विमानाच्या इंधनात. गोष्ट रंगतदार असली की अग्निबाणही बदलून घेतला जातो.) न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना ही औषधे दिली गेली. खंगून अंथरुणाला खिळलेली माणसे उठून बसली, खाऊ लागली, हसू लागली. नाचणाऱ्या रुग्णांची छायाचित्रे वृत्तपत्रांत झळकली. आयप्रोनियाझिडचा हा मनावरचा परिणाम डॉक्टरांनी प्रथम ‘दुष्परिणाम’ म्हणून नोंदवला. त्याच वर्षी अर्न्स्ट अल्बर्ट झेलर यांच्या गटाने दाखवून दिले की हे औषध मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर रोखते. शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा निचरा करणे हे त्या विकराचे काम. निचरा थांबला की द्रव्ये साठतात. या गटाला पुढे एमएओ रोधक असे नाव पडले.

१९५७ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड रुग्णालयातील नेथन क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयप्रोनियाझिड नैराश्यावर उपयुक्त असल्याचे जाहीर केले. औषधाला परवानगी होती ती क्षयरोगासाठी. नैराश्यासाठी त्याची स्वतंत्र मंजुरी नव्हती, जाहिरातही नव्हती. तरीही वर्षभरात सुमारे ४,००,००० लोकांना ते दिले गेले. हेच क्लाइन रिसर्पिनचेही अमेरिकेतील प्रवर्तक होते आणि १९५७ च्या लास्कर पुरस्कारात वकील यांच्याबरोबर त्यांचेही नाव होते. मुंबईची मुळी आणि स्टेटन बेटावरची गोळी यांचा संबंध येतो तो या एका माणसाच्या कारकिर्दीत. एकीचे रसायन दुसरीतून आलेले नाही.

क्लाइन यांना १९६४ मध्ये दुसरा लास्कर पुरस्कार मिळाला, तो आयप्रोनियाझिडसाठी. त्यानंतर त्यांचे सहकारी जॉन सॉन्डर्स यांनी श्रेयात आणि पुरस्काराच्या रकमेत वाटा मागत न्यायालय गाठले आणि तो वाद वर्षानुवर्षे चालला. आता शेजारचा रकाना पाहावा. आयप्रोनियाझिड घेणाऱ्यांपैकी काहींना कावीळ झाली. यकृताच्या या दाहाने काही दगावले. १९६१ मध्ये औषध अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतले गेले. म्हणजे पुरस्कार मिळाला तेव्हा ते औषध तेथे मिळतही नव्हते. त्या रकान्यात वाटा मागण्यासाठी कोणी न्यायालयात गेल्याची नोंद नाही.

दुसरा अपाय अधिक विचित्र होता. एमएओ रोधक घेणाऱ्या काही रुग्णांना अचानक डोके फुटेल अशी वेदना होई, रक्तदाब भडकत असे आणि काहींना मेंदूत रक्तस्राव होऊन मृत्यू येई. कारण कळत नव्हते. १९६३ मध्ये लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील बॅरी ब्लॅकवेल या तरुण डॉक्टराला नॉटिंगहॅमच्या रो नावाच्या एका औषधनिर्मात्याचे पत्र आले. आपली पत्नी हे औषध घेते आणि चीज खाल्ले की तिचे डोके भयंकर दुखते, लोणी किंवा दूध घेतले तर काही होत नाही, असे निरीक्षण त्यात होते. पत्र हसण्यावारी गेले. चीजने माणूस मरतो, ही कल्पनाच त्या देशात हास्यास्पद होती. पुढे ब्लॅकवेल यांनी रुग्णांच्या खाण्याची चौकशी केली, रुग्णालयाच्या स्वयंपाकघराच्या नोंदी पाहिल्या आणि चीज पुन्हापुन्हा समोर येऊ लागले.

कारण पुढे उलगडले. मुरवलेल्या चीजमध्ये टायरामिन नावाचे द्रव्य असते. एरवी आतड्यातील आणि यकृतातील तेच मोनोअमाइन ऑक्सिडेज त्याची वाट लावते. औषधाने ते विकर रोखलेले असले की टायरामिन सरळ रक्तात उतरते, नॉरअ‍ॅड्रिनलिन एकदम बाहेर ढकलते आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. सहा-दहा मिलिग्रॅमही त्रासाला पुरतात. याच गटातील ट्रॅनिलसिप्रोमिन १९६४ मध्ये अमेरिकेत मागे घेतले गेले आणि त्याच वर्षी कडक निर्बंधांसह परत आणले गेले.

या प्रकरणाचे तात्पर्य म्हणून ‘विज्ञान चुका सुधारते’ असे सांगण्याची प्रथा आहे. ते वाक्य अर्धवट आहे. विज्ञान आपोआप काही सुधारत नाही. येथे सुधारणा सुरू झाली ती एका घरातल्या जेवणाच्या टेबलावर, डोके दुखणाऱ्या एका स्त्रीमुळे आणि लोणी व चीज यांतला फरक लिहून काढणाऱ्या तिच्या नवऱ्यामुळे. औषधाचे शोधक, उत्पादक आणि परवानगी देणारे यांपैकी कोणालाही तो फरक आधी दिसला नव्हता. औषधशास्त्राच्या इतिहासात तिचा उल्लेख होतो तो औषधनिर्मात्याची पत्नी म्हणून.

आता हे सारे वडखळकडे आणू, कारण पाश्चात्त्य इतिहासाची उसनवारी कशी फसते ते येथे दिसते. एमएओ रोधकांबरोबर काय खाऊ नये याची जी यादी जगभर फिरते ती लंडनच्या ताटावरून तयार झाली : मुरवलेले चीज, लाल वाइन, यीस्टचा अर्क, ब्रॉड बीन. भारतात तिचे भाषांतर होते तेव्हा ‘चीज’चे ‘पनीर’ होते. पनीर ताजे, न मुरवलेले. त्यात टायरामिन नगण्य. ‘ब्रॉड बीन’चे ‘वाल’ होते. ब्रॉड बीन म्हणजे बाकला, आणि यादीत तो आला आहे त्याच्या शेंगांतील एल-डोपामुळे. पोपटीच्या मडक्यात जाणारा वाल ही वेगळीच वनस्पती. अशा यादीने पेण-अलिबागच्या माणसाची थंडीतली पोपटी बंद होईल आणि त्याच्या ताटातली खरी धोक्याची गोष्ट तशीच राहील.

ती गोष्ट म्हणजे सुकी मासळी. सुकट, बोंबील, जवळा, सुका बांगडा यांवाचून खारेपाटाचा पावसाळा निघत नाही. ताज्या मासळीत टायरामिन फारसे नसते. वाळवताना, साठवताना, जिवाणूंचे काम सुरू झाले की ते वाढते. किती वाढते ते मीठ, ऊन आणि साठवण यांवर ठरते, म्हणून एकच आकडा सांगता येत नाही. लंडनला चीज होते म्हणून त्या अपायाचे नाव ‘चीज प्रतिक्रिया’ पडले. पहिला तपास कोकण किनाऱ्यावर झाला असता तर त्याला कोणाचे नाव मिळाले असते, हे खारेपाटातल्या वाचकाला सांगायला नको.

ही केवळ कल्पना वाटू नये म्हणून एक घडलेली गोष्ट. १९७७ मध्ये श्रीलंकेतील उरगोडा आणि कोट्टेगोडा यांनी आयसोनियाझिड घेणाऱ्या क्षयरोग्यांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. आयसोनियाझिड म्हणजे आयप्रोनियाझिडचे तेच भावंड. हे रुग्ण कुप्याच्या जातीचा मासा खात तेव्हा त्यांना डोकेदुखी, चेहरा लाल होणे, छातीत धडधडणे असा त्रास होई. दोष होता नीट न राखलेल्या मासळीत साठलेल्या हिस्टामिनचा. आयसोनियाझिड त्या हिस्टामिनचा निचरा करणारे विकर अडवते. मासा शिजवला तरी हिस्टामिन जात नाही. बांगडाही याच बाबतीत नाजूक मासा आहे. औषध आणि अन्न यांची अशी गाठ किनाऱ्यावरच्या डॉक्टरांनी किनाऱ्यावरच्या ताटात पाहून शोधली. ‘भारतीय उपखंडाचे वैद्यकाला योगदान’ या मथळ्याखाली हा निबंध कधी मिरवला जात नाही, कारण तो अपायाविषयी आहे. (आयसोनियाझिड आजही भारतातील क्षयरोगाच्या उपचारात आहे. ते थांबवण्याचे यात काही कारण नाही. शिळी मासळी टाळावी, इतकेच.)

दुसरा गट ट्रायसायक्लिकांचा. १९५७ मध्येच स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेनचे रोलान्ट कून यांनी गायगी कंपनीचे इमिप्रामिन खिन्न रुग्णांवर परिणामकारक असल्याचे लिहिले. या गोळ्यांना चीजची भीती नव्हती, म्हणून त्यांनी एमएओ रोधकांना मागे सारले. पण त्यांचा धोका अधिक क्रूर होता. ठरल्या मात्रेत त्या तोंड कोरडे पाडतात, बद्धकोष्ठ करतात, लघवी अडवतात, म्हाताऱ्यांना उठताना चक्कर आणतात. जास्त मात्रेत त्या हृदयाच्या स्नायूंतील सोडियमचे मार्ग अडवतात, ठोक्यांची लय बिघडते आणि माणूस मरतो. दोन आठवड्यांच्या गोळ्या एकदम घेतल्यास जीव जाऊ शकतो. आणि त्या द्यायच्या कोणाला? ज्याच्या मनात मरणाचे विचार येत आहेत त्याला. औषधाचा गुण दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर गोळ्यांची पट्टी त्याच्याच उशाशी.

हे टाळण्याचे साधे उपाय होते. एका वेळी थोड्याच गोळ्या देणे, पट्टी घरातल्या दुसऱ्याच्या ताब्यात ठेवणे, दर आठवड्याला रुग्ण पाहणे. तिसरा उपाय शहरात जमतो. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ चे. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले त्या १९८१ सालीही पेण-रोह्याकडच्या कुटुंबाला मनाच्या मोठ्या आजारासाठी ठाणे नाहीतर मुंबईच गाठावी लागे. एवढा प्रवास दर आठवड्याला कोण करणार? मग गोळ्या महिन्याच्या एकदम दिल्या जात. औषधाचा धोका त्याच्या रेणूत जितका असतो तितकाच दवाखान्याच्या अंतरातही असतो, हे औषधांच्या इतिहासकारांनी फार कमी लिहिले आहे.

आणि आता महाराष्ट्राच्या स्वतःच्या गोळीकडे. सिबाने १९६३ मध्ये मुंबईत गोरेगावला संशोधन केंद्र उघडले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातले रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी त्याचे प्रमुख झाले. १९७० मध्ये सिबा आणि गायगी एक झाल्या. म्हणजे रिसर्पिन वेगळे करणारे घर आणि इमिप्रामिन देणारे घर एका छपराखाली आले. गोरेगावच्या केंद्रातून नायट्रॉक्साझेपिन हे ट्रायसायक्लिक औषध निघाले आणि १९८२ मध्ये ते ‘सिंटामिल’ या नावाने भारतात विक्रीस आले. मुंबईच्या उपनगरात घडलेली नैराश्यावरची गोळी! सर्पगंधेवर तासन्‌तास बोलणाऱ्यांपैकी कितींनी हे नाव ऐकले आहे? अभिमानच हवा असेल तर हे काम त्याला अधिक लायक आहे. येथे रेणूच मुळात येथल्या प्रयोगशाळेत बांधला गेला. पण कंपनी स्विस, आणि रेणू प्राचीन ग्रंथांत नाही. म्हणून ही कथा कोणालाच सोयीची नाही.

खर्चाच्या बाजूचा प्रश्न येथेही आहे, आणि तो कंपनीपेक्षा देशाला विचारायचा आहे. १९८२ मध्ये औषधांचे अपाय देशभरातून गोळा करणारी राष्ट्रीय यंत्रणा भारतात नव्हती. ब्रिटनने थॅलिडोमाइडच्या धक्क्यानंतर १९६४ मध्ये डॉक्टरांसाठी पिवळ्या पत्राची पद्धत सुरू केली होती. भारताचा सध्याचा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० चा आहे. मधल्या दशकांत लक्षावधी भारतीयांनी ट्रायसायक्लिक गोळ्या घेतल्या. ज्यांना अपाय झाला त्यांची दखल डॉक्टरांच्या आठवणीत, तुरळक निबंधांत, नाहीतर पोलिसांच्या पंचनाम्यात राहिली. वडखळच्या एखाद्या रोने १९८२ मध्ये पत्र लिहायचे ठरवले असते, तर पाकिटावर पत्ता कोणाचा घालायचा हाच प्रश्न होता.

महाराष्ट्राला औषधाने झालेला अपाय आठवतो तो १९८६ चा. जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण मृत्युमुखी पडले आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची सखोल चौकशी केली. ती चौकशी मोलाची होती. पण तिने लोकांच्या मनात एक समीकरणही घट्ट केले : अपाय म्हणजे भेसळ, अपाय म्हणजे भ्रष्टाचार, कोणीतरी दुष्ट असल्याशिवाय औषध मारत नाही. आयप्रोनियाझिड शुद्ध होते. ट्रॅनिलसिप्रोमिन शुद्ध होते. इमिप्रामिनची पट्टी नामांकित कारखान्यातून आली होती. शुद्ध औषध, सद्‌हेतूने, योग्य रोगावर दिले असताना होणाऱ्या अपायाला खलनायक नसतो, म्हणून त्याचा आयोग बसत नाही आणि त्यावर धागेही लिहिले जात नाहीत. ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा भ्रम याच समीकरणाचा धाकटा भाऊ आहे. विषाला दुष्ट कारखाना लागतो असे एकदा ठरले, की रानातली मुळी आपोआप निर्दोष सुटते.

या युक्तिवादाचा उलटा अर्थ काढणारेही भेटतील. त्यांना सांगायचे ते थोडक्यात. या गोळ्या येण्यापूर्वी खोल नैराश्याच्या रुग्णापुढे कोंडून ठेवणे, भूल न देता विजेचे झटके किंवा घरच्यांची हताशा एवढेच पर्याय बहुधा असत. या औषधांनी असंख्य माणसे जगवली. एमएओ रोधक आजही काही हट्टी नैराश्यांत दिले जातात, अमिट्रिप्टिलिन तर सर्रास मिळते, आणि दोन्ही जपून वापरता येतात ते अपाय ठाऊक झाले म्हणूनच. अपायाची यादी हातात असणे हे औषध सोडण्याचे कारण नाही. चालू गोळी डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करणे हाही अपायच.

ज्यांना हा सारा जुना इतिहास वाटतो त्यांनी मुंबईच्या क्षयरोगाकडे पाहावे. बहुतेक सगळ्या औषधांना दाद न देणारा क्षयरोग मुंबईत आढळल्याचे हिंदुजा रुग्णालयाच्या झरीर उदवाडिया यांच्या गटाने कळवले, त्याला आता दशकाहून अधिक काळ लोटला. अशा क्षयरोगासाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये सहा महिन्यांच्या नव्या उपचारक्रमाला मान्यता दिली. त्यातील चार औषधांपैकी एक लिनेझोलिड. हे प्रतिजैविक सौम्य प्रमाणात एमएओ रोधकही आहे. नैराश्यावरच्या आजच्या प्रचलित गोळ्यांबरोबर ते पडले तर सेरोटोनिन धोकादायक पातळीला चढू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच तसा इशारा दिला आहे. दीर्घ आजाराने खचलेल्या क्षयरोग्याला नैराश्य येणे अगदी साहजिक, आणि त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरने दुसरी चिठ्ठी लिहिणेही साहजिक. १९५२ मध्ये क्षयरोगाच्या वॉर्डातून निघालेला विकररोधक सत्तर वर्षांनी क्षयरोगाच्या वॉर्डात परतला आहे. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र पाहणारे माणूस बहुधा एकच असते : औषधाच्या दुकानातले, किंवा घरातले.

तशा माणसाला आज पत्ता उपलब्ध आहे. औषधदक्षता कार्यक्रमाचा, सामान्य नागरिकाने भरायचा अर्ज मराठीतही आहे, आणि दूरध्वनीवरून कळवायचे असल्यास विनाशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४.